मातीचं कार्ड म्हणतं ‘पुरेसे’: सत्तरीतल्या एका जुन्या खाणीखालच्या भातशेतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण उत्तर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातलं आहे. गावाचं, वाड्याचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. शेतकरी गटाच्या सोबतीने माती-पाण्याचं काम करताना जे पाहिलं, ते इथे मांडतो आहे.

जागेची रचना डिचोली-सत्तरीतल्या कुणालाही ओळखीची वाटेल. वर डोंगरात लोहखनिजाची खाण, उतारावर टाकाऊ मातीचा डंप, डंपाखाली भाताचे कुणगे (खाचरं) आणि शेताच्या कडेने मांडवीच्या खोऱ्यात उतरणारा व्हाळ (ओढा). खाणीचा परवाना पोर्तुगीज काळातला. 1987 च्या कायद्याने असे जुने परवाने रद्द होऊन त्यांचं लीजमध्ये (भाडेपट्ट्यात) रूपांतर झालं. चीनकडून मागणी वाढल्यावर कमी प्रतीचं खनिजही विकलं जाऊ लागलं आणि उत्खनन झपाट्याने वाढलं. गोव्यात एक टन खनिज काढायचं तर साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला टाकावा लागतो. तो डोंगरावरच ढिगाने राहिला, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडणारा पाऊस त्यातला बारीक भाग खाली आणत राहिला.

सप्टेंबर 2012 मध्ये राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. 2014 मध्ये अटी घालून बंदी उठली. फेब्रुवारी 2018 मध्ये 88 लीजांचं नूतनीकरण रद्द झालं. ही खाण 2012 नंतर पुन्हा सुरू झालीच नाही.

खाण चालू असताना गाळ भरलेल्या शेतांसाठी वर्षाकाठी नुकसानभरपाई मिळायची. खाणीच्या खड्ड्यातलं पाणी पंपाने बाहेर काढायचे, ते पाटाने शेतात यायचं आणि त्यावर वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, पिकायचं. बंदीनंतर भरपाई थांबली आणि पंपही थांबले. पहिल्या गोष्टीची चर्चा गावात रोज होते. दुसरीचा परिणाम मातीत दिसायला काही वर्षं लागली.

अडचण

तक्रार साधी होती. सरदाचं (पावसाळी) भात लावणीनंतर दोन-तीन आठवडे बरं दिसतं, मग खालच्या पानांच्या टोकांकडून बारीक तपकिरी ठिपके उठतात, ठिपके एकमेकांत मिसळतात, पान नारिंगी-तपकिरी होऊन वाळतं. फुटवे येत नाहीत. लोंब्या धरल्या तरी निम्मे दाणे पोचे. गटातल्या बऱ्याच जणांनी हा करपा समजून बुरशीनाशक फवारलं होतं. काहींनी दोन-दोन हंगाम फवारलं. फरक पडला नाही.

रोप उपटून पाहिल्यावर संशय बदलला. निरोगी भाताची कोवळी मुळं पांढरी असतात. इथली मुळं गंजलेल्या तारेसारखी तांबूस-तपकिरी, आखूड, आणि चिमटीत दाबली की वरचा लेप बोटांना लागत होता. खाचरातल्या साचलेल्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग होता. गावात सगळे म्हणत, हे खाणीच्या यंत्रांचं जुनं ऑइल झिरपतंय. काठीने तवंग मोडून पाहिला. तेल असतं तर पुन्हा सरकून एकत्र आलं असतं. हा तवंग पापुद्र्यासारखा तुटला आणि त्याचे तुकडे वेगवेगळे तरंगत राहिले. असा तवंग लोहाचा असतो: पाण्यात विरघळून आलेलं लोह हवेला लागलं की पृष्ठभागावर त्याचा पातळ थर धरतो.

आता कार्डाबद्दल. मृदा आरोग्य कार्ड योजना फेब्रुवारी 2015 मध्ये सुरू झाली आणि या वाड्यातल्या बहुतेकांकडे कार्ड होतं. कार्डावर बारा गोष्टी मोजलेल्या असतात: सामू (आम्लता), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम), गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगनीज, बोरॉन. लोहाच्या रकान्यात आकडा आणि पुढे ‘पुरेसे’. मँगनीजपुढेही तेच. गटातले सर्वांत वयस्क काका कार्ड हातात धरून म्हणाले, “ह्यात तर सगळं बरं लिहिलंय. मग आमचं भात का जळतं?”

त्या प्रश्नाचं उत्तर कार्डाच्या रचनेत आहे. हे कार्ड पिकाला काय कमी पडतंय ते शोधण्यासाठी बनवलं आहे. मातीतलं उपलब्ध लोह किलोला साधारण साडेचार मिलिग्रॅमच्या वर आणि मँगनीज दोनच्या वर गेलं की कमतरता नाही, इतकंच ते सांगतं. या शेतातलं लोह त्या रेषेच्या कित्येक पट वर होतं. तरी शब्द तोच, कारण वरच्या बाजूला रेषाच नाही. जिथे लोह हेच दुखणं आहे तिथे ‘पुरेसे’ या शब्दाने शेतकरी निर्धास्त होतो आणि पुढची तपासणी करायचं कारणच उरत नाही. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक ही नावं तर कार्डावर नसतातच. खाणपट्ट्यातल्या गावांना वेगळं कार्ड हवं असं मला अगदी मनापासून वाटतं, आणि त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. कार्डासाठी नमुना उन्हाळ्यात, कापणी-पेरणीच्या मधल्या काळात घेतात आणि सावलीत सुकवतात. कोरड्या मातीत लोह गंजाच्या रूपात घट्ट बसलेलं असतं, ते मुळांना फारसं लागत नाही. खाचरात पाणी भरलं की मातीतला प्राणवायू काही दिवसांत संपतो, मग जिवाणू आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह श्वसनासाठी वापरतात आणि लोह विरघळणाऱ्या रूपात पाण्यात उतरतं. आम्लधर्मी मातीत ही भरती पाणी भरल्यानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांत सर्वांत जास्त असते. ठिपके नेमके तेव्हाच उठत होते. मे महिन्याचा नमुना मे महिन्याची माती सांगतो. भात जगतं जुलै-ऑगस्टच्या मातीत.

नकाशाने काय दाखवलं

गटाचं गृहीतक होतं की जिथे गाळ सर्वांत जाड, माती सर्वांत लाल, तिथलं शेत सर्वांत बाधित. गाळ काढायचं अंदाजपत्रकही त्यावरच बेतलं होतं. पैसे मागण्याआधी ऑगस्टमध्ये एक दिवस सगळ्यांनी मिळून प्रत्येक कुणग्यात फिरून पानं पाहावीत आणि सर्व्हे आराखड्याच्या प्रतीवर रंग भरावेत, असं ठरलं. सोबत डायपिरिडिलच्या कागदी पट्ट्या होत्या. विरघळलेलं फेरस लोह असलेल्या ओल्या मातीला ही पट्टी लावली की ती गुलाबी-लाल होते. महागडं काही नाही, आणि शेतात उभं राहून उत्तर मिळतं.

रंगवलेला नकाशा पाहून सगळ्यांनाच धक्का बसला. व्हाळाच्या तोंडाजवळचे, लालभडक गाळाने भरलेले कुणगे मध्यम बाधित होते. सर्वांत वाईट होती डोंगराच्या पायथ्यालगतची ओळ, जिथे गाळ जवळपास नव्हताच. तिथली माती काळसर, जुनी, एके काळी सर्वांत चांगली समजली जाणारी. पट्टी तिथे गडद लाल झाली.

या ओळीला लोह गाळातून मिळत नव्हतं, ते झिऱ्यांतून येत होतं. उतारावरच्या लोहयुक्त थरांतून आणि डंपाच्या बुडाशी कोंडलेल्या ओलीतून पाझरलेलं पाणी पायथ्याशी बाहेर येतं आणि विरघळलेलं लोह घेऊनच येतं. पंप बंद झाल्यावर खड्डा पावसाने भरला, भूजल वर आलं, आणि आटलेले झिरे पुन्हा वाहू लागले. गावाने ते शुभ मानलं होतं, आणि पिण्याच्या पाण्याच्या दृष्टीने ते चांगलं होतंही. पण भाताच्या मुळाशी तेच पाणी चार महिने उभं राहत होतं.

एक धोका इथे लक्षात ठेवायला हवा. जांभ्या दगडाच्या प्रदेशात लोह मुळातच भरपूर असतं. खाण नसतानाही अशा पायथ्याला थोडंफार हे दुखणं दिसू शकतं. म्हणून शेजारच्या, खाण नसलेल्या एका व्हाळाकाठच्या शेतातूनही त्याच आठवड्यात नमुने घेतले. तिथेही पट्टी गुलाबी झाली, पण फिकट, आणि पानं जवळपास स्वच्छ होती. हा तुलनेचा नमुना नसता तर पुढे भरपाईच्या बैठकीत ‘गोव्याची माती अशीच’ या एका वाक्यावर विषय संपला असता. ते वाक्य तिथे खरोखरच ऐकू आलं.

कोणते पर्याय तोलले

जेसीबी लावून शेतातला गाळ काढणं हा गावाचा आवडता पर्याय, कारण काम झालेलं दिसतं. नकाशा पाहिल्यावर त्यातला दम गेला. बाधा पायथ्याला होती, आणि खरवडताना चिखलणीने बनलेला खालचा घट्ट थर फुटला तर शेतात पाणीच थांबणार नाही. काढलेला गाळ ठेवायचा कुठे, हेही ठरत नव्हतं. व्हाळाच्या काठावर टाकला तर पहिल्याच पावसात तो खालच्या वाड्याच्या शेतात जाणार.

शेत पडीक ठेवून भरपाईचा दावा लढवणं हा दुसरा मार्ग. यावर गट अक्षरशः दोन भागांत फाटला. खाण कायद्यातल्या 2015 च्या दुरुस्तीनंतर खाणबाधित भागांसाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे, तिथून मदत मागता येते. पण एका बाजूचं म्हणणं असं की शेत सुधारलं तर नुकसान कुठे दाखवायचं? दुसऱ्या बाजूच्या बायका, ज्या प्रत्यक्ष लावणी करतात, म्हणत होत्या की पडीक राहिलेल्या शेतात अकेशिया आणि झुडपं माजतात, बांध फुटतात, आणि मग शेत परत येत नाही. शिवाय एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातल्या जमिनीच्या सरकारी नोंदीत) कित्येक कुळांची नावंच लागलेली नव्हती. दावा करणार कोण, हाच प्रश्न होता.

वाळा लावून धातू शोषून घेणं, हेही कुणीतरी सुचवलं. वाळा धूप थांबवायला उत्तम. डंपाच्या उतारावर तो हवाच. पण सतत झऱ्यातून येणारं लोह वाळ्याने संपेल ही आशा व्यर्थ आहे. मातीत लोह टक्क्यांत मोजावं लागतं; झाड त्यातलं किती उचलणार?

राहिला चौथा पर्याय: पाणी वळवणं, मधे शेत सुकवणं, चुना आणि पालाश देणं. स्वस्त, पण कष्टाचा, आणि त्यात एक खोच होती, ज्यावर सर्वांत जास्त वेळ गेला.

मुख्य निर्णय: शेत सुकवायचं की नाही

लावणीनंतर मधल्या काळात खाचर काही दिवस सुकवलं तर मातीत हवा जाते, लोह पुन्हा गंजरूपात बसतं आणि मुळांना उसंत मिळते. आर्सेनिकही अशाने दाण्यात कमी जातं. कॅडमियमचं वागणं मात्र उलट आहे. पाण्याखाली ते गंधकाशी बांधलेलं राहतं. शेत सुकलं, त्यात माती आम्ल असली, की सुटतं आणि भात ते दाण्यात साठवतं. लोहाने भात जळतं, ते डोळ्यांना दिसतं. कॅडमियमने भात हिरवंगार राहतं आणि वर्षानुवर्षं खाणाऱ्याच्या मूत्रपिंडात साठत जातं. डोळ्यांना दिसणारं दुखणं बरं करताना न दिसणारं ओढवून घ्यायचं नाही, ही काळजी इथे खरी होती.

गोव्याचं खनिज ऑक्साइड स्वरूपाचं आहे, गंधकी खनिजांच्या खाणींसारखं आम्लाचं पाणी इथे सहसा निघत नाही, आणि लोहाचे ऑक्साइड शिसं-आर्सेनिकसारख्या धातूंना घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे कॅडमियमची शक्यता कमी वाटत होती. पण ‘कमी वाटते’ एवढ्यावर घरच्या तांदळाचा निर्णय घ्यायला गटातल्या बायका तयार झाल्या नाहीत, आणि त्यांचा आग्रह योग्य होता.

तपासणीचे पैसे मोजकेच होते. सगळ्या कुणग्यांच्या मातीतले सगळे धातू तपासायचे, की थोड्याच ठिकाणचा दाणा तपासायचा? मातीतला एकूण धातू मोठा आकडा देतो, वर्तमानपत्रात छापायला बरा. पण माणसाच्या पोटात किती जातं ते दाणा सांगतो. पैसे दाण्यावर घालायचं ठरलं: पायथा, मध्य, व्हाळाकाठ आणि तुलनेचं शेत, प्रत्येक ठिकाणचा पॉलिश केलेला तांदूळ, कॅडमियम, शिसं आणि आर्सेनिकसाठी. पॉलिश केलेल्या तांदळासाठी कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) मर्यादा कॅडमियमला किलोमागे 0.4 मिलिग्रॅम आणि असेंद्रिय आर्सेनिकला 0.2 मिलिग्रॅम आहे. सुकवायला सुरुवात करण्याआधी एकदा आणि नंतर दर हंगामाला एकदा तपासायचं, आणि चुना दिल्याशिवाय कुणीही सुकवायचं नाही, असा नियम केला.

काय केलं

पहिलं काम पायथ्याची चर. झिरे शेतात शिरण्याआधी अडवून पाणी बाजूने व्हाळाकडे नेणारी ही चर डंपाच्या बुडापासून पुरेसं अंतर सोडून, बांधालगत खणली. डंपाचं बूड कोरलं तर वरची माती घसरते. सोयीसाठी तिथे खणू पाहणाऱ्यांना अडवावं लागलं. चरीच्या तोंडाशी दगडांच्या दोन-तीन पायऱ्या रचल्या, म्हणजे पाणी उसळून हवा घेतं, आणि खाली उथळ तळी केली. पहिल्याच आठवड्यात तळीच्या तळाशी मऊ केशरी साका बसला. तो साका आजवर भाताच्या मुळांवर बसत होता.

चुना मातीच्या तपासणीवरून, बफर पद्धतीने गरज काढून दिला, आणि तोही पेरणीच्या बराच आधी. सगळ्यांना सारखा चुना वाटणं सोपं होतं, पण व्हाळाकाठच्या कुणग्यांना कमी आणि पायथ्याला जास्त लागत होता. पालाशचा हप्ता वाढवला, कारण पालाश कमी पडलेलं भात मुळाशी लोह अडवू शकत नाही. लोह स्फुरदालाही बांधून ठेवतं, म्हणून स्फुरद सगळं एकदम न देता रोपांच्या मुळाशी दिलं.

भरपाईचा वाद एका तडजोडीने मिटला, आणि मला ती या प्रकरणातली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. तिन्ही पट्ट्यांत एकेक कुणगा काहीही न करता तसाच ठेवायचा. त्याच्या मालकाला गटाने आपल्या पिकातून भात द्यायचं. या राखीव कुणग्यांमुळे उपायांनी खरंच फरक पडतो का ते कळणार होतं, आणि नुकसानीचा पुरावाही दरवर्षी उभा राहणार होता. उताऱ्यावर नावं लावण्याचं काम गटातल्या एका तरुण मुलीने अंगावर घेतलं; मामलेदार कचेरीच्या किती फेऱ्या झाल्या ते तिलाच ठाऊक.

काय झालं

पहिल्या हंगामात मधल्या पट्ट्यातलं भात सावरलं. ठिपके उठले, पण खालच्या पानांवरच थांबले आणि फुटवे आले. शेजारच्या राखीव कुणग्यात भात नेहमीसारखंच जळलं. बांधावर उभं राहून दोन्ही एकाच नजरेत दिसत होतं. पायथ्याची ओळ मात्र पहिल्या वर्षी फारशी सुधारली नाही. दुसऱ्या वर्षी चर खोल केल्यावर तिथलं दुखणं थोडं कमी झालं, तरी तिथलं उत्पन्न अजून मधल्या पट्ट्याच्या जवळपासही नाही. त्यातल्या दोन कुटुंबांनी भात सोडलं.

दाण्याच्या तपासणीत तिन्ही धातू मर्यादेच्या बरेच खाली निघाले, सुकवण्याआधीही आणि नंतरही. व्हाळाकाठच्या विहिरीत मँगनीज मात्र पिण्याच्या पाण्याच्या मानकातल्या 0.3 मिलिग्रॅम प्रतिलिटर या कमाल मर्यादेच्या वर आलं. त्या विहिरीचं पाणी पिण्यासाठी थांबवलं आणि पंचायतीकडे नळाची मागणी गेली.

हिवाळ्यात ओलीवर अळसांदे (चवळी) घेऊन पाहिले. चुना दिलेल्या जागी बरे आले. न दिलेल्या जागी पानांवर बारीक तपकिरी ठिपके आणि कडा चुरगळलेल्या. आम्ल मातीत कडधान्याला मँगनीज असं बाधतं.

खनिज प्रतिष्ठानाकडे अर्ज गेला आहे. नकाशा, राखीव कुणग्यांचे फोटो, तुलनेच्या शेताचे निकाल जोडलेले आहेत. निर्णय झालेला नाही.

वेगळं काय करता येईल

ऑगस्टचा नकाशा सर्वांत आधी काढायला हवा. त्याला एक दिवस आणि रंगीत पेन्सिली लागतात. तो आधी झाला असता तर गाळ काढण्याच्या अंदाजपत्रकात गेलेला वर्षभराचा वेळ वाचला असता. विहिरींची तपासणी अगदी शेवटी आली. घरात लहान मुलं असताना ती पहिली असायला हवी होती.

तळीतला साका हा न सुटलेला प्रश्न आहे. तो दर उन्हाळ्यात काढावाच लागतो, नाहीतर तळी भरून पाणी परत शेतात येतं. सध्या तो तळीच्या वरच्या अंगाला, वाळ्याच्या रांगेमागे ठेवतात. पण लोहाचा साका इतर धातूंनाही धरून ठेवतो, तेव्हा दाण्याबरोबर साक्याचीही तपासणी व्हायला हवी. ती अजून झालेली नाही, आणि तळी कुणी उपसायची याची पाळीही कागदावर नाही.

खाण बंद करण्याच्या आराखड्यात डंप आणि खड्ड्याचा विचार असतो. पंप थांबल्यावर पायथ्याचे झिरे कुठे जातील हा प्रश्न त्यात ठळकपणे विचारला गेला पाहिजे. तालुक्यातल्या ज्या वाड्यांवर लीजांचे लिलाव होऊन पुन्हा खाणकाम सुरू होणार आहे, तिथल्या शेतकऱ्यांना या गटाने एवढंच कळवलं आहे: काम सुरू होण्याआधीच्या पावसाळ्यात आपल्या पायथ्याचा, विहिरींचा आणि खाण नसलेल्या शेजारच्या व्हाळाचा नमुना घ्या, तारीख घालून पंचायतीत जमा करा, आणि पोच घ्या.